आई मराठी कुणाशी बोलते

प्रेम नगर, झाशी

प्रिय नीरजा,

फोन केला असता तर ओरडलो असतो, म्हणून लिहितोय.

तुझं भाषण पाहिलं. माझ्या लेकीनं, अनुश्रीनं मोबाइलवर लावून दिलं. मी शब्दकोश शेजारी ठेवून पुन्हा पुन्हा ऐकलं. कॉलेजचं तोंड तुझ्या भावानं पाहिलेलं नाही. बिजौलीच्या कारखान्यात विजेच्या मोटारींचं वाइंडिंग करता करता स्वतःच इंग्रजी शिकलो. पण कळायचं ते सगळं कळलं. दोन संस्कृतींत वाढलेलं माणूस विचार कसा करतं, यात तुझी उमर गेली, टाळ्याही पुष्कळ पडल्या. फक्त ज्या उदाहरणावर पडल्या, ते साफ चूक आहे.

आधी किरकोळ चुका. आपलं घर प्रेम नगरात आहे, "किल्ल्याच्या सावलीत" नाही. आपले पूर्वज इथं दप्तरात कारकून म्हणून आले, पुरोहित नव्हते. आणि आईनं नऊवारी कधी नेसली गं? ही सजावट कुणासाठी?

आता मोठी चूक. दिवाळीच्या व्हिडिओ कॉलवर आई तुला म्हणाली, "बैठो बिन्नू, कहां सें आईं?" तेवढं तू पडद्यावर दाखवलंस, आणि सांगून मोकळी झालीस की विस्मरणाच्या आजारात या बाईची मराठी गळून गेली, तळाशी बुंदेली उरली, तीच तिची खरी ओळख. मला एकदा विचारायचं तरी होतंस! बरोबर, प्रोफेसरबाई वाइंडिंगवाल्याला काय विचारणार?

तुला घरची रीतही आठवली नाही? घरच्यांशी मराठी, बाहेरच्यांशी बुंदेली. दूधवाला मुकेश दारात आला की आईची भाषा बदलायची, दार लागलं की परत मराठी. त्याच्यासमोर आपण मराठीत कुजबुजलो, तेव्हा दोघांचे कान पिळले होते तिनं. "तो बिचारा उभा आहे ना? त्याला परकं वाटेल!"

आई आजही मराठी बोलते. दुर्गाशी. गरौठ्याची दुर्गा तिला न्हाऊ घालते, भरवते, वेणी घालते. आई म्हणते, "दुर्गे, भात मऊ कर गं." दुर्गा बुंदेलीत म्हणते, "हओ अम्मा." भात मऊ होतो. दुर्गा आईच्या लेखी घरची झालीय. आणि तुझ्याशी ती बुंदेली बोलली, कारण तिला वाटलं, कुणी पाहुणी आलीय; बिन्नू तर इथं कुठल्याही पोरीला म्हणतात. मराठी शाबूत आहे तिची. घराबाहेर गेलीस ती तू. हे सांग तुझ्या पुढच्या भाषणात, वाजतात का टाळ्या बघू.

इथवर परवाच लिहून झालं होतं. आज पाठवतोय ते वेगळ्या कारणानं. सकाळी आईसाठी चहा घेऊन गेलो. तिनं पदर सावरला, खुर्ची दाखवली आणि अगदी अदबीनं म्हणाली, "बैठो भैया, किससें मिलने है?" मी बसलो. मग ती आत वळून म्हणाली, "दुर्गे, पाणी आण गं, कुणीतरी आलंय."

भाषण दुरुस्त कर नाहीतर नको करू. पण ये. दुर्गा तिची वेणी घालत असते तेव्हा आई मराठीत खूप बोलते. आपण दोघं दाराआड उभे राहू.

अजून रागावलेला, तरी तुझाच,
विद्याधरदादा