वहीत बत्तीस, चटया अकरा

श्री. दौलतदादांस, लालबागहून राजारामचा वाकून नमस्कार. गुडघे कसे आहेत? माझे गेले कामातून. वहिनींना सांगा, कोकमं पोचली, फार आंबट आहेत (तक्रार नाही, गोड कोकमं कुणी पाठवली असती तर केली असती).

पत्राचं कारण म्हणजे, गावमंडळाची आपली खोली महिनाअखेरीस रिकामी करायची आहे. इमारत पाडतायत. माळ्यावर तुमच्या धाकट्या भावाची, शिवाची ट्रंक आणि पखवाज अजून आहे, त्याचं काय करू ते कळवा. एवढंच लिहायला बसलो होतो, पण मध्ये नातीचा कॉम्प्युटर आडवा आला.

मेघना कॉम्प्युटरचं शिकते. परवा तिचं ते यंत्र चालता चालता गप्प झालं. मी म्हटलं, एक चापट दे गो (गिरणीत माझा कापड विणायचा साचा असाच चालायचा). तर बाई मलाच धडा द्यायला लागल्या. आत म्हणे ऑपरेटिंग सिस्टीम नावाचा एक वाटप करणारा असतो. जेवढे प्रोग्रॅम चालू, तेवढ्यांना तो जागा देतो. प्रत्येकाला वाटतं, अख्खी खोली माझीच. मागेल त्याला हा हो म्हणतो, असते त्याहून जास्त जागा कबूल करतो, आणि खरी जागा मिळते ती जो चटई पसरेल त्यालाच. सगळे एकदम थोडेच पसरणार! मी म्हटलं, अगो बाय, हे शिकायला कॉलेजात जातेस? हे मी लालबागेत बारा वर्षं केलं!

आठवतं ना दादा? वही माझ्याकडे होती. नावं बत्तीस, चटया मावायच्या अकरा. पण पाळ्या तीन, त्यामुळे एक उठला की दुसरा त्याच उबेत आडवा. गावी गेलेल्याचं सामान माळ्यावर. कॉम्प्युटरातही तसंच. बराच वेळ गप्प बसलेल्याचं बिऱ्हाड उचलून डिस्कवर टाकायचं, त्याला जाग आली की पुन्हा खाली. जागा फारच कमी पडली तर ही चढउतारच चालते, काम काडीचं होत नाही. (गणपतीच्या आधी आपली शिडी अशीच मोडली होती. तिच्यावर तुम्हीच होतात, पण ते जाऊ दे.)

इथवर मी खूश होतो. मग विचारलं, सगळ्यांनी एकदमच चटया पसरल्या तर? म्हणजे आपल्या संपासारखं. गिरण्या बंद, पाळ्या बंद आणि तिन्ही पाळ्यांची माणसं एकाच वेळी खोलीत. मेघना म्हणाली, "मग तो एकाला मारतो, आजोबा. जो जागा जास्त खातो आणि ज्याच्यावाचून फारसं अडत नाही, त्याला. विचारतसुद्धा नाही. हातातलं काम आवरायला वेळ देत नाही." एवढं बोलून ती खारी खायला लागली. माझा चहा तसाच राहिला.

शिवाबद्दल आपण इतकी वर्षं काय म्हणत आलो? संपात त्याचं डोकं फिरलं, भांडून खोली सोडली आणि आठ दिवसांनी भायखळ्याच्या भाजीबाजारात, हातगाडीखाली तापाने गेला. तुम्ही तेव्हा आईच्या आजारपणात गावी होतात. तसं पत्र मीच टाकलं होतं.

असो. औषधं वेळेवर घ्या. वहिनींना नमस्कार.

तुमचा,
राजाराम

ता. क. शिवा भांडला नव्हता. ते मी लिहिलं. त्याचं नाव मीच वहीतून काढलं. अंगाने आडवा, वर तो पखवाज, त्याला दीड चटई लागायची. आणि त्याच्या बाजूने बोलणारे तुम्ही एकटे, ते गावी. ट्रंकही नेली नाही, म्हणाला जागा झाली की येतोच. दारात एवढंच विचारलं, "राजा, माकाच कित्याक रे?" मी वहीत बघत राहिलो. ट्रंक न्यायला तुम्ही स्वतः या दादा, दुसऱ्या कुणाला पाठवू नका. मला काय म्हणायचं ते तोंडावर म्हणा. मी घरीच असतो.

आणखी एक. मी मेघनाला विचारलं, तो वाटप करणारा स्वतःला कधी काढतो का गो? हसली. म्हणाली, "छे, स्वतःची जागा तो आधीच धरून ठेवतो. तिला कुणी हात लावत नाही." दादा, माझी चटई खिडकीखाली होती. दोन माणसांची होती. संपभर ती तेवढीच राहिली.