चुलीतला च

मंगळवार, ३ फेब्रुवारी

उभे टॅब चालले! एकदाचे! इतके दिवस खिडकीच्या डोक्यावर दाटीवाटीने बसायचे, आता डावीकडे ओळीने उभे राहतात. आणि बराच वेळ न उघडलेला टॅब आपोआप झोपतो. आमच्या ब्राउझरच्या नव्या आवृत्तीची मराठी माहिती मीच लिहितेय. 'निष्क्रिय टॅब सुप्तावस्थेत जातात' असं आधीच्या कुणीतरी लिहून ठेवलं होतं. खोडलं. 'न वापरलेले टॅब झोपतात.' झालं!

पण माझा जीव अडकलाय 'वाचून दाखवा' मध्ये. बटण दाबलं की ब्राउझर समोरचं पान मोठ्याने वाचणार — मराठीतसुद्धा. नांदेडहून इतक्या लांब येऊन ही नोकरी धरली ती याच कामासाठी.

४ फेब्रुवारी

हिंजवडीच्या ऑफिसातून घोटावड्याच्या खोलीवर यायला आजही जन्म गेला. कॅबमध्ये झोपले. मी पण टॅबच!

५ फेब्रुवारी

माझा जुना डेस्कटॉप खाली घरमालकांच्या पडवीत असतो — राउटर तिथेच आहे म्हणून. आज त्यावर एक बातमी उघडून मराठी आवाज पहिल्यांदा लावला. मालकीणबाई, रंभाकाकू, शेजारी तांदूळ निवडत होत्या. आवाज सुरू झाला — चूल, चांगला, जावई... सगळे च हिंदी 'चाय'मधले, सगळे ज 'जीजाजी'मधले! काकूंनी हसून हसून सूप खाली ठेवलं. "ही पाव्हनी कुटली गं? आपल्याकडची न्हाई ही!" आतून घरमालक कोंडिबाकाका ओरडले, "जावयाला काय म्हनती ती?"

मीही हसले. मग खरी अडचण लक्षात आली. मराठीत च दोन. चहातला वेगळा, चुलीतला वेगळा. लिहायला मात्र एकच! यंत्राला कळणार कसं?

सोमवार, ९ फेब्रुवारी

ऑफिसात निषाद म्हणतो, या आवृत्तीतून मराठी काढू. काय जाणार, काय राहणार हे तोच ठरवतो. "हिंदी, तमिळ, बंगाली राहू दे. मराठीवाले डेस्कटॉपवर इंग्रजीच वाचतात गं." मी म्हटलं, "कुठले मराठीवाले? तुझ्या बिल्डिंगमधले?"

सगळ्यांसमोर बोलून बसले!

पण खरंच — एकदा बाहेर काढलेली गोष्ट इथे पुन्हा कुणी आत घेत नाही. पाहिलंय मी.

१० फेब्रुवारी

काल संध्याकाळी काकूंना पुन्हा ती बातमी ऐकवली आणि त्यांचं हसू मोबाइलवर रेकॉर्ड केलं. विचारून केलं. "घे की! माज्या हसन्याला काय पैसं पडत्यात?"

आज मीटिंगमध्ये वाजवलं. आधी यंत्राचा 'जावई', मग काकू. निषादने गंभीर राहायचा फार प्रयत्न केला. नाही जमलं! "शुक्रवारपर्यंत नीट कर. त्यानंतर एक ओळ बदलायची नाही."

मिळाला वेळ!!

११ फेब्रुवारी

नियम लिहितेय. पुष्कळ शब्द बसतात, संस्कृतातून आलेले आडवे येतात. चंद्र चहासारखा, चांदणं चुलीसारखं — एकाच आभाळातले दोघे!

१२ फेब्रुवारी

चोर, चोच, जरा, माझा — सुधारले. त्या नादात 'जेवण'चा उच्चार बिघडला. काका म्हणाले, "बाकी कायबी कर, जेवनाला हात लावू नगं."

शुक्रवार, १३ फेब्रुवारी

झालं. घरूनच काम केलं. काकूंना एक अख्खी बातमी ऐकवली. त्या हसल्या नाहीत. संपल्यावर म्हणाल्या, "परत लाव."

काकूंची शाळा दुसरीत सुटली. सही करतात, एसटीची पाटी ओळखतात. घरात पेपर काका वाचतात — मोठ्याने, पण त्यांना पटेल तेवढाच. आज हे काकूच म्हणाल्या. "आक्खा पेपर कवाच ऐकला न्हाई मी." हसत म्हणाल्या. मी बातमी परत लावली.

निषादला काम पाठवलं. उत्तर — 'ओके'. त्याच्याकडून एवढं म्हणजे आरतीच!

मंगळवार, २४ फेब्रुवारी

गेली! आवृत्ती बाहेर पडली — मराठीसकट! केक कापला. निषाद हळूच म्हणाला, "आईला लावून दिलंय. सकाळपासून बंदच करत नाहीये." म्हटलं, ती मराठीवालीच ना? हसला बिचारा.

२६ फेब्रुवारी

तक्रारी सुरू. उभे टॅब आडवे करा म्हणून दहा जण मागे लागलेत. कोल्हापूरचे एक गृहस्थ लिहितात, वाचणाऱ्या बाई फार पुणेरी वाटतात. नांदेडच्या पोरीने घडवलेल्या बाई! पण खरंच वाटतात. आता त्यांना जरा सैल करायला हवं.

गुरुवार, ५ मार्च

आज घरून काम. दुपारभर खालून वाचनाचा आवाज येत होता. माइकवर बोलून पान कसं शोधायचं ते काकूंना मीच शिकवलंय. "काय ऐकताय एवढं?" — "हाय कायबाय."

संध्याकाळी गावातले हैबतराव पेढे घेऊन आले. इथे त्यांच्या शब्दाबाहेर कुणी जात नाही. सरपंचपद यंदा बायकांसाठी राखीव, म्हणून त्यांच्या सुनेला बिनविरोध निवडून द्यायचं ठरलंय म्हणे. काकांना म्हणाले, "तुमच्या घरातनं काय न्हाईच ना?" काका म्हणाले, "छ्या! आमच्यातनं कोन?" काकू तिथेच उभ्या होत्या. त्यांना कुणी विचारलं नाही. पेढा ताटलीत तसाच ठेवून त्या आत गेल्या.

मंगळवार, १० मार्च

काकूंनी सरपंचपदाचा अर्ज भरला! एकट्या पौडला, तहसील कचेरीत जाऊन आल्या. नियम, अटी, तारखा — सगळं त्या वाचणाऱ्या बाईंकडून ऐकून पाठ. काका पायरीवर बसलेत. आत्ताच हैबतरावांची गाडी दारात थांबली, आणि काकू पुढे होऊन त्यांना म्हणतायत — "या, बसा भावजी. मतं मागायला मीच येनार व्हते तुमच्याकडं."