पडलेल्या पानांचा नियम

४ सप्टेंबर

ती. दादांच्या चरणी धाकटीचा सा. न. वि. वि.

आम्ही सर्व सुखरूप आहोत. नासपतीची झाडे मात्र सुखरूप नाहीत. सलग तिसऱ्या वर्षी पानांवर काजळी सांडल्यासारखे मखमली डाग उठले आणि फळे खपल्या धरून तडकली. निम्म्याहून अधिक फळ जनावरांपुढे टाकावे लागले. डाग दिसले की आम्ही फवारणी करतो, पण रोग आमच्या एक पाऊल पुढेच असतो.

तुमचा भाचा म्हणतो, पुढच्या उन्हाळ्यातही हेच झाले तर बाबांनी लावलेली साठही झाडे मुळासकट काढायची. रागाने म्हणाला असता तर मी भांडले असते. डोळे पुसत म्हणाला, म्हणून तुम्हाला लिहायला बसले. फळझाडांच्या रोगांच्या जाणकार बाई या महिन्यात पाहायला येणार आहेत. तुमच्या प्रार्थनेत झाडांनाही जागा द्यावी. गुडघ्यांना तेल लावता की नाही, तेही खरे कळवावे.

माया आहे तशीच ठेवावी.

धाकटी

१५ सप्टेंबर

चि. धाकटीस अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र वाचले आणि ताटावरून तसाच उठलो. ज्याने झाड दिले त्यानेच झाड वाचवणारी बुद्धीही कोणाला तरी दिली असणार; तेव्हा त्या बाई सांगतील ते शिरोधार्य मान. ‘मला सगळे ठाऊक आहे’ हा आपल्या घराण्याचा रोग खपलीहून जुना आहे आणि त्यावर फवारणी अद्याप निघालेली नाही. भाच्याला सांग, झाडांना शिक्षा ठोठावण्यापूर्वी अपराधी कोण ते शोधावे.

गुडघे माझे ऐकत नाहीत. पण चाळीस वर्षे शिकवले, तेव्हा विद्यार्थी तरी कुठे ऐकत होते!

सर्वांवर माझा जीव आहेच.

दादा

२ ऑक्टोबर

ती. दादांस सा. न. वि. वि.

बाई येऊन गेल्या. झाडे पाहण्याऐवजी आधी जमीन पाहत फिरल्या. त्यांचे म्हणणे असे, की रोग हिवाळाभर पडलेल्या पानांत दडून राहतो. वसंतातला पाऊस त्या पानांवर पडला की त्याची बीजे उडून कोवळ्या पालवीवर बसतात. म्हणून पानगळीनंतर एकूणएक पान गोळा करून बागेबाहेर न्यायचे, खपली धरलेल्या काटक्या छाटायच्या, वारा खेळेल इतके झाडाचे पोट मोकळे करायचे. आणि फवारणी डाग दिसल्यावर नव्हे, फांद्यांवरचे पालवीचे डोळे फुगताच, पावसाच्या आधी करायची.

बाकी सर्व मी कबूल केले. पानांना नाही म्हटले. झाडाने पायाशी वाहिलेले पान माणसाने उचलू नये, ते मातीचे देणे आहे, हे शास्त्रवचन तुम्हीच मला सांगितलेत आणि मी ते सत्तेचाळीस वर्षे पाळले. भाचा ताडकन म्हणाला, आई, मामांचे शास्त्र झाडे खाते आहे. मी त्याच्याशी चार दिवस बोलले नाही.

दादा, पानगळ महिन्यावर आली. यातून काही सूट, काही प्रायश्चित्त असेल तर कृपा करून लौकर कळवा. तुमच्या उत्तराकडे डोळे लावून बसले आहे.

धाकटी

१० ऑक्टोबर

चि. धाकटीस,

आशीर्वाद लिहायला आज हात धजत नाही. तुझ्या पत्रानंतर मी एकही पोथी उघडली नाही, कारण हे वचन कोणत्याच पोथीत नाही. ते माझे आहे.

आई गेली त्या वर्षीची पानगळ आठव. बाबांनी मला बाग झाडायला सांगितली होती. मी शिक्षण संपवून नुकताच परतलो होतो. दाताळे हाती घेतले की आई त्याच झाडांखाली बसलेली दिसे. मग तसाच बसून राही. तू नऊ वर्षांची. येऊन विचारलेस, दादा, पाने का उचलत नाही? रडू येते म्हणून, एवढे सांगण्याचे धैर्य झाले नाही. भारदस्त शब्दांत ते वचन रचले. तू हात जोडून ऐकलेस, बाबांनीही मान डोलावली, आणि मला ते गोड लागले. पुढे दर वर्षी तू ते पाळताना पाहिले. खरे सांगायला दर वर्षी एक वर्ष उशीर झाला.

शास्त्राच्या नावावर खोटे खपवणे हे पाप मोठे. निष्पाप श्रद्धेवर ते पोसणे त्याहून मोठे. प्रायश्चित्त माझे आहे, तुझे नाही. पाने उचल. पहिले पान पडण्यापूर्वी मी येतो. भाच्याला हे पत्र दाखव.

दादा

१७ ऑक्टोबर

ती. दादांस सा. न. वि. वि.

तुम्ही रडला असतात तर मी शेजारी बसून रडले असते. माझीही आईच गेली होती. राग आहे तो याचा, पानांचा नव्हे.

पत्र जेवताना सर्वांसमोर मोठ्याने वाचले. भाच्याला वाटले तर त्याने हसून घ्यावे, अशी मनाची तयारी केली होती. तो ताट सारून उठला आणि माळ्यावरची दाताळी काढून त्यांचे सैल दांडे ठोकत बसला. तुमचे अंथरूण खालच्या खोलीत घातले आहे. या. क्षमेचे मात्र आत्ताच विचारू नका.

धाकटी

२० ऑगस्ट

ती. मामांस भाच्याचा सा. न. वि. वि.

आईचे हात फळे पुसण्यात गुंतले आहेत, म्हणून मी लिहितो. दहातली आठ फळे स्वच्छ निघाली. ओढ्याकडच्या ओलसर रांगेत डाग आहेत. तिथली छाटणी मीच हात राखून केली होती, चूक माझी. झाडे काढायची नाहीत.

आई सकाळपासून तुम्हाला पाठवायच्या पेटीसाठी एकेक फळ निवडते आहे आणि दादाला हे नको, ते नको म्हणते आहे. निवडून झालेली पेटी तिने दोनदा रिकामी केली. तुमचा विषय तिने स्वतःहून काढला, तो गेल्या शरदात तुम्ही पाने उचलून परतल्यानंतर आज प्रथमच.

पानगळीला अवश्य या. कामे मी सांगेन, तुम्ही प्रत्येकाचे कारण विचारायचे. मला ठाऊक नसेल तिथे ठाऊक नाही असेच उत्तर मिळेल.

वाट पाहतो.

आपला भाचा