कट्ट्यावरचे खिळे

आई, आपल्या मुलुंडच्या बागेबाहेरच्या कट्ट्यावर खिळे ठोकलेत. आज सकाळी सवयीने टेकायला गेले, तळहाताला बोचलं म्हणून खाली पाहिलं. ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत सिमेंटमध्ये उभे रोवलेले, बोटाएवढे लोखंडी खिळे. कबुतरं बसू नयेत म्हणून खिडकीवर लावतात ना, तसे. पण हे माणसांसाठी.

शाळेत घालायच्या आधी तू मला ह्याच कट्ट्यावर वाचायला शिकवलंस. तू मेथी निवडते आहेस, मी समोरच्या दुकानांच्या पाट्या वाचते आहे, आणि जोडाक्षर अडलं की तू मेथीचा देठ टोचून म्हणतेस, "परत वाच." बाजूला पुरुषमंडळी येऊन बसली की मी अंग चोरून कडेला सरकायचे. मग तुझी मालवणी बाहेर यायची. "नीट मांडी घालून बस गो! कट्टो काय त्यांच्या बापाशीचो नाय." ते हसायचे, आणि जरा सरकायचेही. भाजी घरी का निवडत नाहीस, असं मी एकदा विचारलं होतं. तू म्हणालीस, "हातात भाजी आसली की बायलमाणसाक कोण इचारीत नाय, हय कित्याक बसलस म्हणून." मला तेव्हा ती गंमत वाटली होती.

खिळे समोरच्या सोसायटीने लावलेत असं कळलं, म्हणून सेक्रेटरी काकांना गाठलं. "काका, कट्टा तर महापालिकेचा आहे ना?"

"अगं, रिकामटेकडी पोरं बसतात, डिलिव्हरीवाले बसतात. उद्या काही झालं तर? तुम्हा मुलींसाठीच केलंय हे सगळं."

"मग मी कुठे बसू?"

"तू?" ते खरंच चकित झाले. "तुला घर आहे ना!"

आई, माझ्यासाठी! आणि मला कुणी विचारलंही नाही.

संध्याकाळी तुझा पाट घेऊन गेले. खिळ्यांवर ठेवला, दाबून पाहिला, हलत नव्हता. मग मांडी घालून बसले. सोसायटीचा वॉचमन धावत आला. "ताई, इथे बसायला मनाई आहे."

"कुणाची?"

त्याने गेटकडे पाहिलं, मग पाटाकडे. "पडू नका म्हणजे झालं," म्हणाला आणि गेला. बाइकला टेकून उभा असलेला एक डिलिव्हरीवाला हसला. "झकास, ताई! उद्या आमच्यासाठी पण एक पाट आणा ना."

मी हसले, पण मान वर केली नाही. तुझ्यासारखं ऐटीत बसायचं ठरवून गेले होते गं. मांडीवर मेथी होती. दुपारीच घरी निवडून झालेली. तीच परत निवडत बसले होते.