बॅटरीचा नट माझ्या खिशात आहे

ती. दादास,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (गेले अकरा दिवस बाबांच्या गाडीखाली आडवाच असल्यामुळे त्यासाठी वेगळं आडवं व्हावं लागलेलं नाही, फक्त कूस बदलली.) तुझा गुडघा कसा आहे? वहिनींचा खोकला गेला का? इकडे सगळे ठीक आहेत, म्हणजे तसं मला जेवायला वाढताना दिसतं. एरवी घरात माझ्याशी कोणी बोलत नाही. ते का, हे पुढे येईलच.

रविवारी आईला ऐंशी पुरी होतात आणि तिला बाबांच्या गाडीतून फिरवून आणायचं, असं तू फोनवर जाहीर करून मोकळा झालास. आई तेव्हापासून कपाटासमोर उभी आहे. माझं उत्तर आडपडदा न ठेवता लिहितो. वायरिंग नवं झाल्याशिवाय आई त्या गाडीत बसणार नाही. तूही नाही. बॅटरीच्या केबलचा नट काढून मी खिशात ठेवलाय आणि आंघोळीला जाताना तो साबणाच्या डबीत नेतो.

झालं असं, की अकरा दिवसांपूर्वी चाचणी म्हणून हिला घेऊन कोपऱ्यावरच्या बेकरीपर्यंत गेलो. परतताना डॅशबोर्डखालून धूर. ही म्हणाली, पाव करपलाय वाटतं. (पाव तिच्या मांडीवर होता आणि मुळीच करपलेला नव्हता, पण नवऱ्याऐवजी बेकरीवर संशय घेतला हा तिचा मोठेपणा.) मी गाडी थांबवून बॉनेट उघडलं. बॅटरी सोडवायला दहा नंबरचा पाना लागतो. पाना डिकीत, डिकीत तो स्टेपनीखाली, आणि स्टेपनीवर हिने ऊन लागू नये म्हणून घातलेल्या तीन चादरी! मी पाना घेऊन पोचेपर्यंत एक तार आपली आपण जळून तुटली, म्हणून गाडी वाचली आणि आम्हीही. त्या रात्री मी दोनदा उठून बॉनेटला हात लावून आलो, गरम नाही ना ते पाहायला. हे मी हिला सांगितलेलं नाही.

मग वायरमन आणला. माणूस अनुभवी, खिशाला चार टेस्टर. त्याने टॉर्च मारून पाहिलं आणि म्हणाला, "इतकी वर्षं काही झालं नाही ना? मग मारू चिकटपट्टी." दादा, हे तर आपल्या घरातलंच वाक्य! गॅसची नळी, जिन्याचा कठडा, बाबांचं ब्लडप्रेशर, सगळ्याला आपण हेच म्हणत आलो. त्यातल्या शेवटच्याचं काय झालं ते तुला माहीत आहे. वायरमनला चहा पाजला आणि वाटेला लावलं.

आता मीच करतोय. कापडी वेष्टणाच्या जुन्या तारा हात लावला की बिस्किटासारख्या भुगा होतात, त्या सगळ्या काढल्या. पत्र्याच्या भोकातून तार जाते तिथे तिथे रबरी कडी बसवली. एका भोकात कडी नव्हतीच, पत्रा वर्षानुवर्षं तार कातरत बसला होता. बॅटरीला हाताने बंद करायचा स्विच लावला, म्हणजे पुन्हा पान्याची शोधाशोध नको. आग विझवायचा सिलिंडर ड्रायव्हरच्या सीटखाली ठेवला, डिकीत नाही. (चालतो का ते पाहायला गेलो आणि दोरीवरचे सगळे कपडे पांढरे झाले. चालतो.) तारांची टोकं ओळखू यावीत म्हणून त्यांना हिचं नेलपॉलिश लावलं, पण दोन गुलाबी रंग वाळल्यावर एकसारखे निघाले. त्यामुळे सध्या चाचणीपुरती केबल टेकवून हॉर्न दाबला की वायपर फिरतात. अबोला कपड्यांवरून आहे की नेलपॉलिशवरून, ते विचारायचं धाडस मी केलेलं नाही.

आता मुख्य मुद्दा. टाकीतून पेट्रोल ओढणाऱ्या पंपाला जो फ्यूज असतो, त्याच्या जागी मला काय सापडलं असेल? बायका केसांत खोचतात तो आकडा! अरे, फ्यूजचं काम म्हणजे वीज जास्त झाली की स्वतः वितळायचं आणि तार वाचवायची. आकडा वितळत नाही. तो ढिम्म बसून राहतो आणि जळते तार, तीही पेट्रोलच्या शेजारची. घरात असले उद्योग करणारा एकच होता. रेडिओ दुरुस्त करतो म्हणून त्याचे नऊ स्क्रू उरवणारा. रविवारी तू आईसमोर कबूल करायचंस, कुरकुर चालणार नाही.

तुझा (तरीही),
धाकटा

ता. क. पत्र आईला वाचून दाखवलं. ती इतकी हसली की पाणी द्यावं लागलं. आकडा तिचा. माझ्या वेळी कळा सुरू झालेल्या, दवाखाना लांब आणि भर दुपारी रस्त्यात गाडी बंद. बाबा हातात जळका फ्यूज घेऊन उभे, तू मागे भोकाड पसरलेलं. तेव्हा तिने अंबाड्यातून आकडा उपसला आणि बाबांच्या हातावर ठेवला. 'नंतर बदलू' असं ठरलं होतं म्हणे. मी आता त्रेपन्न वर्षांचा आहे. तुझ्यावरचा आरोप मागे घेतो. माझा जन्म दवाखान्यात झाला तो त्या आकड्यामुळे, हेही मान्य. तरी तो परत बसवणार नाही म्हणजे नाही.

ता. क. २. पत्र लिहायला घेतलं ते खरं यासाठी. जुन्या पद्धतीचे काचेचे फ्यूज इथे मिळत नाहीत, तुमच्याकडे जुन्या सामानाच्या दुकानात मिळतात. डझनभर आण. आणि रविवारी नको, शनिवारी सकाळीच ये. दोन गुलाबी तारांचा निकाल लावायचाय, कोणीतरी टॉर्च धरायला हवा. लहानपणी मी तुझ्यासाठी धरायचो, आता तू धर. नटही तूच लाव. आकडा घासूनपुसून आईला परत दिलाय आणि रविवारी ती तोच खोचून गाडीत बसणार आहे. वाटेत लागला तर माग, म्हणाली. दादा, फ्यूज विसरू नकोस.