शिक्षणाचा रकाना

मंगळवार, संध्याकाळ

गोदामात पार्सलं निवडणारं मशीन चालू झालं, त्या सकाळीच माझं सगळं बदललं. हाताने निवडणारे आम्ही सगळे घरी. आज घणसोलीच्या ट्रेनिंग सेंटरवर गेलो, तिथे तेच मशीन दुरुस्त करायला शिकवतात. फॉर्म घ्यायला स्नेहा. कॉलेजात माझ्या वर्गात होती, जीव अजून तिच्यातच अडकलाय. शिक्षणाच्या रकान्यात मी लिहिलं, बी.कॉम.

ती हळूच म्हणाली, "खोटं कशाला? बारावीनंतर कॉलेज सोडलंस, मला माहीत आहे. बारावी चालते इथे."

रांगेतला एकजण मागून फॉर्ममध्ये डोकावत म्हणाला, "ग्रॅज्युएट हायस, तर तूच शिकव की आमाला."

मी फॉर्म फाडला आणि घरी आलो. का फाडला? तिच्यासमोर तो रकाना खरा भरायची लाज, दुसरं काय.

थकलोय. पण आज शेवटची तारीख आणि सेंटर सातपर्यंत उघडं आहे. बारावीच लिहीन, तिच्याच समोर. दार ओढून घेतो आणि निघतो.