नैवेद्याआधी वाटीभर

ब्राह्मणपारा, रायपूर

प्रिय मंजिरी,

तुझं पत्र येऊन महिना झाला. त्यात तू एवढंच विचारलं होतंस, की यंदा महालक्ष्म्यांना रायपूरला यायचं की नाही. आपण जावा-जावा, पण चिठ्ठी पाहुण्यासारखी. उत्तर लिहायला बसते आणि पोटात जळजळ सुरू झाली की उठते.

अल्सरसाठी अर्धं जठर काढलं त्याला दोन वर्षं झाली. जठराच्या खालच्या तोंडाचं दारच त्यात गेलं, म्हणून आतड्यातलं पित्त आता उलटं वर चढतं, असं डॉक्टरांनी चित्र काढून दाखवलं. दर दोन तासांनी थोडं खायचं, पोट रिकामं ठेवायचं नाही, जेवून आडवं व्हायचं नाही. यांनी पलंगाच्या उशाकडच्या पायांखाली विटा ठेवल्यात. उशीवर झोपते आणि सकाळी पायथ्याशी सापडते. हसू नकोस.

मागच्या वर्षीचं आज सांगते. सोळा भाज्या, पुरण, कथली, आणि नैवेद्य होईपर्यंत रांधणारीनं पाणीही घ्यायचं नाही हा आपल्या घरचा नेम. शेजारच्या शांताबाई दारातून म्हणाल्या होत्या, "काहून उपाशी मरून राहिल्या बाई? देवी का तुमची हजेरी घेते?" मी ऐकलं नाही. नैवेद्याला तीन वाजले. तू केलेल्या आंबिलीचे दोन घोट घेतले आणि पानावरून उठले. तुला वाटलं, तुझ्या हातचं मला चालत नाही. मी मोरीत नळ सोडून हिरवं, कडू ओकत होते. बाहेर आले तेव्हा तू बोलेनाशी झाली होतीस. तेव्हाच सांगायला हवं होतं. पण सांगितलं की महालक्ष्म्या माझ्याकडून जाणार, आणि थोरलेपणाचा तेवढाच मान माझ्याकडे उरलाय असं मला वाटत होतं.

आता थकले गं. नीलकंठभावजींना मुखवटे न्यायला पाठव. चिंचेनं घासून जुन्या लुगड्यात बांधून ठेवलेत. यंदापासून महालक्ष्म्या तुझ्याकडे, नागपूरला. आम्ही दोघं येऊ, बसल्या जागी भाज्या चिरून देईन. फक्त एक कर. सकाळी अकराला, नैवेद्याच्या आधी, सगळ्यांच्या देखत मला वाटीभर मऊ भात वाढ. मी आपण होऊन घेणार नाही, माझा हात होणार नाही. तू वाढलास तर खाईन.

तुझीच,
कौमुदी